अडुळसा ‘काम करतो’ म्हणजे काय करतो?

नगर जिल्ह्यात अडुळसा बहुतेक ठिकाणी कुंपणाला दिसतो. शेळी त्याला तोंड लावत नाही, त्यामुळे एकदा लागला की राखण करावी लागत नाही. पाण्यावाचून उन्हाळा काढतो, छाटला की पुन्हा फुटतो आणि थंडीच्या सुमारास पांढऱ्या फुलांचे तुरे धरतो. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, बोलताना मात्र तोंडात नगरच येतं, या लेखातही तेच येईल.) अकोल्याच्या डांगाणापासून जामखेडपर्यंत कुणाच्या घरी खोकला बळावला की आजही कुणीतरी चार पानं तोडून आणतं. पानं वाफवून पिळतात, रसात मध घालतात, एखाद्या घरात पिंपळीची चिमूट पडते. जुने वैद्य या झुडपावर इतका भरवसा ठेवत की, अडुळसा हाताशी असताना खोकल्याच्या, क्षयाच्या आणि रक्तपित्ताच्या रोग्याने धीर सोडायचं कारण नाही, असं ते सांगत.

लोणी, कोपरगाव, संगमनेर, विळद घाट इथे फार्मसी कॉलेजं आहेत. नगर शहरात आणि तालुक्यांच्या गावी रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवणारी जुनी महाविद्यालयं आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींवर काम चालतं. यांपैकी कुठल्याही प्रयोगशाळेच्या टेबलावर ही पानं आली की प्रश्नाचं रूप बदलतं. घरात ‘गुण येतो’ एवढं उत्तर पुरतं. प्रयोगशाळेला विचारावं लागतं की गुण नेमक्या कोणत्या घटकामुळे येतो, किती मात्रेला येतो, कशाच्या तुलनेत येतो, आणि तो घटक खोकला सोडून शरीरात आणखी काय करतो. यातले पहिले दोन प्रश्न अनेक जण विचारतात. उरलेल्या दोनांपाशी बरेच प्रबंध थांबतात. माझ्या मते खरी परीक्षा तिथेच सुरू होते, म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

सुरुवात मात्र ओळखीपासून करावी लागते. अडुळशाचं शास्त्रीय नाव जस्टिसिया अधाटोडा. जुन्या ग्रंथांत अधाटोडा वासिका. केरळकडे याच गोत्रातली दुसरी, लहान पानांची जात ‘वासा’ म्हणून वापरतात. म्हणजे दोन प्रयोगशाळांनी ‘वासा’ तपासला तरी दोघींनी एकच झाड तपासलं असेल याची खात्री नाही. म्हणून फुलासकट फांदी दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून तिचा नमुना पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत पाठवतात. तिथून नाव पक्कं होऊन क्रमांक मिळतो. प्रबंधात हा क्रमांक नसेल तर पुढची सगळी आकडेवारी कोणत्या झुडपाची आहे हे कळायला मार्ग उरत नाही.

मग वाळवणं. पानं सावलीत वाळवावीत असं वैद्यही सांगतात आणि फार्मसीचं पुस्तकही. अडुळशाच्या बाबतीत यामागचं कारण स्पष्ट माहीत आहे. पानातलं मुख्य अल्कलॉइड म्हणजे व्हॅसिसिन. हवा आणि उजेड लागला की त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि व्हॅसिसिनोन नावाचं दुसरं संयुग तयार होतं. एकाच झुडपाची पानं एकाने माडीवर उन्हात टाकली आणि दुसऱ्याने ओसरीत पसरली, तर दोघांच्या पिशव्यांत या दोन संयुगांचं प्रमाण वेगळं निघेल. हा फरक किरकोळ नाही. ही दोन संयुगं श्वासनळीत सारखी वागत नाहीत, ते पुढे येईलच.

अडुळशाचं ओलं पान नुसतं चुरगळून रस फारसा सुटत नाही. यावर वैद्यांनी पुटपाक ही युक्ती शोधली होती. पानं वाटून गोळा करायचा, तो दुसऱ्या पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा किंवा कणकेचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा आणि मग पिळायचा. उष्णतेने पेशी फुटतात आणि रस मोकळा होतो. प्रयोगशाळेत पुटपाकाचं काम सॉक्सलेटकडे असतं. खाली काचेच्या गोल चंबूत मिथेनॉलसारखा द्रावक उकळतो, त्याची वाफ वर थंड होऊन पानांच्या भुकटीवर ठिबकते, नळी भरली की आपोआप रिकामी होते, आणि हे चक्र तासन् तास चालतं. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट या जर्मन शास्त्रज्ञाने हे उपकरण १८७९ साली बनवलं ते दुधातली चरबी मोजायला. दुधाच्या धंद्यावर उभ्या असलेल्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांना हे शिकवताना क्वचितच सांगितलं जातं, याचं नवल वाटतं.

अल्कलॉइड वेगळं काढायची युक्ती त्याहून देखणी आहे. अल्कलॉइडं आम्लारिधर्मी असतात. अर्क सौम्य आम्लात ढवळला की ती क्षाररूपाने पाण्यात उतरतात आणि हिरवा रंग, मेण, चरबी मागे राहते. मग त्या पाण्यात अमोनिया घालायचा. अल्कलॉइडं पुन्हा मूळ रूपात येतात, पाणी सोडतात आणि क्लोरोफॉर्ममध्ये शिरतात. एक थेंब घेऊन त्यावर ड्रॅगनडॉर्फचं अभिकर्मक टाकलं की नारिंगी साका बसतो. सुकलेल्या पानांत व्हॅसिसिन साधारण १ टक्क्याच्या आसपास, कधी कमी कधी जास्त सापडतं. शुद्ध संयुगाची रचना पडताळायला लागणारं एनएमआर यंत्र प्रत्येक कॉलेजकडे असणं शक्य नसतं. ते काम पुणे विद्यापीठाकडे किंवा मुंबईच्या आयआयटीकडे पाठवलं जातं.

अडुळशाचं रसायन त्याच्या चाचण्यांच्या बरंच आधी उलगडलं. उटकमंडला सरकारी सिंकोना बागांचे रसायनतज्ज्ञ असलेल्या डेव्हिड हूपर यांनी १८८८ साली अडुळशाच्या पानांतून अल्कलॉइड वेगळं केलं. हेच हूपर पुढे मुंबईच्या विल्यम डायमॉक यांच्यासोबत ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या मोठ्या ग्रंथाचे एक लेखक झाले. १९२४ साली जे. एन. सेन आणि टी. पी. घोष यांनी व्हॅसिसिनचा नव्याने अभ्यास केला. पुढच्या दशकात व्हिएन्नाच्या एर्न्स्ट श्पेथ यांनी दाखवलं की हरमल या अगदी वेगळ्या कुळातल्या वनस्पतीतलं पेगॅनिन आणि अडुळशातलं व्हॅसिसिन हे एकच. दरम्यान कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा देशी औषधांच्या गुणांचा मोजूनमापून अभ्यास करत होते. १९२५ साली त्यांनी आणि एस. घोष यांनी अडुळशाच्या औषधी परिणामांवर निबंध छापला. भारतीय औषधी वनस्पतींवर ‘खरंच काम होतं का’ हा प्रश्न प्रयोगाच्या भाषेत सातत्याने विचारणाऱ्यांत चोप्रा अग्रभागी होते.

आता आजच्या प्रयोगशाळेत येऊ.

वनस्पतीच्या अर्काची सर्वात जास्त केली जाणारी चाचणी जंतूंवरची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम नावाचा सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे. तिथून स्टॅफिलोकोकस ऑरियस किंवा ई. कोलाय यांचे प्रमाणित वाण मागवतात. पेट्री डिशमधल्या अगारवर जंतू पसरायचे, त्यात विहिरीसारखं भोक पाडायचं, भोकात अर्क घालायचा आणि डिश रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. सकाळी विहिरीभोवती जंतू वाढले नसतील तर तिथे स्वच्छ गोल दिसतो. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. ‘झोन आला का?’ हा सकाळचा पहिला प्रश्न असतो, आणि बहुतेक वेळा झोन आलेला असतो.

तो येणारच. समजा अर्क मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम इतका दाट केला आणि विहिरीत १०० मायक्रोलिटर घातला. म्हणजे त्या भोकात १० मिलिग्रॅम अर्क गेला. शेजारी तुलनेसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनची प्रमाणित चकती ठेवली तर तिच्यात ५ मायक्रोग्रॅम औषध असतं. दोघांत २,००० पटींचा फरक. मग निष्कर्षात लिहिलं जातं की अर्काचा झोन १६ मिलिमीटर आणि प्रतिजैविकाचा २८, म्हणजे अर्क प्रतिजैविकाच्या निम्म्याहून अधिक प्रभावी. व्यासांची अशी तुलना करताच येत नाही. झोनचा आकार संयुग अगारमध्ये किती लांब पसरतं यावरही ठरतो. छोटं, पाण्यात विरघळणारं संयुग दूर जातं. तेलकट संयुग कितीही मारक असलं तरी विहिरीच्या काठाशीच अडकतं. अर्क विरघळवायला डीएमएसओ वापरलं असेल आणि नुसत्या डीएमएसओची विहीर शेजारी ठेवली नसेल, तर मारलं कुणी हाही प्रश्न उरतो.

त्यापेक्षा बरी चाचणी म्हणजे किमान रोधक संहती, प्रयोगशाळेच्या बोलीत एमआयसी. अर्क निम्मा-निम्मा पातळ करत न्यायचा आणि कोणत्या पातळीपर्यंत जंतूंची वाढ थांबते ते पाहायचं. २००६ साली बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठातल्या पॉल कॉस आणि सहकाऱ्यांनी एक रोखठोक मर्यादा सुचवली. कच्च्या अर्काने मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली काम केलं तरच पुढे जावं, आणि शुद्ध संयुगाने २५ मायक्रोमोलरच्या खाली. शिवाय त्याच मात्रेला माणसाच्या पेशी मरत नाहीत हेही दाखवावं, कारण फिनाईलही जंतू मारतं. ही मर्यादा लावली तर आपल्याकडे ‘लक्षणीय क्रिया’ म्हणून छापलेल्या निकालांतले बरेच गळून पडतील. मिलिलिटरला १ मिलिग्रॅम इतकी मात्रा शरीरात गाठायची म्हटलं, तर प्रौढ माणसाच्या सुमारे ५ लिटर रक्तात एकाच वेळी ५ ग्रॅम अर्क उतरायला हवा. तोंडाने घेतलेल्या काढ्याने ते साधत नाही. त्वचेवरच्या लेपाची गोष्ट वेगळी, कारण तिथे दाट मात्रा थेट पोचते. म्हणून चाचणी कोणत्या वापरासाठी आहे हे आधी ठरवायला हवं.

दुसरी लाडकी चाचणी डीपीपीएचची. हे जांभळं रसायन. त्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देणारं काही भेटलं की ते पिवळं पडतं, आणि ५१७ नॅनोमीटरला रंग किती उतरला ते मोजता येतं. १९५८ साली ब्लॉइस यांनी ही पद्धत मांडली. स्वस्त आहे, अर्ध्या तासात होते, आलेख सुंदर येतो. म्हणून ती एम.एस्सी.च्या प्रकल्पांत फार आढळते. अडचण अशी की फिनॉल असलेली कोणतीही वस्तू तिच्यात पास होते. चौकातल्या टपरीवरचा कोरा चहा घातला तर तोही उत्तम गुण मिळवेल. त्यावरून चहाने एखादा रोग बरा होतो असं कुणी म्हणणार नाही. अडुळशाच्या अर्काबाबत मात्र तसं म्हटलं जातं.

हळदीच्या कुर्क्युमिनने हा धडा साऱ्या जगाला शिकवला. कुर्क्युमिन कितीतरी वेगवेगळ्या चाचण्यांत ‘सक्रिय’ निघतं. पण ते स्वतः चमकतं, त्यामुळे प्रकाशावर आधारलेल्या मोजण्या बिघडतात. पाण्यात ते लवकर मोडतं आणि भेटेल त्या प्रथिनाला चिकटतं. २०१७ साली अमेरिकेतल्या कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी कुर्क्युमिनच्या सगळ्या दाव्यांची झडती घेतली. १२०हून अधिक मानवी चाचण्या होऊनही दुहेरी-अंध, प्लासिबोशी तुलना केलेल्या चाचणीत यश आलेलं नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हळद स्वयंपाकात उत्तमच आहे. प्रश्न एवढाच की चाचणी संयुगाला मोजते की संयुग चाचणीला फसवतं, हे आधी तपासलं गेलं का.

चाचणीचा हात धरूनच संयुगापर्यंत पोचायचीही एक वाट आहे. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाची चाचणी घ्यायची, जो भाग काम करेल तोच पुन्हा फोडायचा, असं शेवटच्या शुद्ध स्फटिकापर्यंत जायचं. या कामात जगभर नाव झालेला माणूस आपल्याच नंदुरबारचा. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५चा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढे इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. १९६२ साली ते अमेरिकेत मन्रो वॉल यांच्या प्रयोगशाळेत गेले. वॉल यांनी आधी कॉर्टिसोन बनवायला कच्चा माल सापडतो का म्हणून झाडांचे अर्क गोळा केले होते. त्यातले काही राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे तपासायला गेले आणि कॅम्पटोथेका या चिनी झाडाचा अर्क उंदरांतल्या गाठींवर चालला. मग वाणी आणि वॉल यांनी रक्ताचा कर्करोग दिलेल्या उंदरांचं आयुष्य कोणत्या भागाने वाढतं हे पाहत पाहत कॅम्पटोथेसिन शुद्ध केलं. ते १९६६ साली प्रसिद्ध झालं. १९७१ साली त्याच जोडीने टॅक्सॉलची रचना जाहीर केली.

पुढची गोष्ट मुंबईत घडली. गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना १९७२ साली सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात तेच कॅम्पटोथेसिन सापडलं, आणि चिनी झाडापेक्षा बरंच जास्त. कर्करोगाचं औषध म्हणून परंपरेत नरक्याची ओळख नव्हती. ती रसायनशाळेने करून दिली. त्याचा परिणामही झाडालाच भोगावा लागला. सह्याद्रीतून नरक्याची लाकडं चोरून तोडून बाहेर पाठवली गेली. इकडे औषधाची वाटचालही सरळ नव्हती. कॅम्पटोथेसिन पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याचं सोडियम क्षार करून रुग्णांना दिलं. त्यात रेणूचं एक महत्त्वाचं कडं उघडं पडत होतं. मूत्राशयाला इजा झाली, फायदा थोडा, आणि १९७२च्या सुमारास चाचण्या थांबल्या. हे संयुग पेशीतल्या टोपोआयसोमरेज–१ या विकराला अडकवतं हे १९८५ साली कळलं, तेव्हा त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेलं. टोपोटेकान आणि इरिनोटेकान या त्याच्या सुधारित रूपांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ साली. स्फटिक हाती आल्यापासून ३० वर्षांनी.

मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्राने १९७०च्या दशकात अशाच पद्धतीने भारतीय झाडं चाळली. कोलियस फोर्स्कोहली या वनस्पतीच्या मुळांच्या अर्काने प्राण्यांचा रक्तदाब खाली आला, आणि १९७७ साली सुजाता भट, नोएल डिसूझा आणि सहकाऱ्यांनी त्यातलं फोर्स्कोलिन जाहीर केलं. ज्या मुळ्यांचं लोणचं घालतात, त्याच या मुळ्या. ते रक्तदाबाचं औषध झालं नाही. पण १९८१ साली ते पेशीतल्या अॅडेनिलिल सायक्लेज या विकराला थेट जागं करतं हे अमेरिकेत सिद्ध झालं, आणि तेव्हापासून पेशींचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांच्या फ्रीजमध्ये फोर्स्कोलिनची कुपी असतेच.

अडुळशाकडे परत. खोकल्याच्या औषधाची परीक्षा पेट्री डिशमध्ये नीट होत नाही, ती श्वासनळीवर व्हायला हवी. गिनीपिगच्या श्वासनळीच्या कड्या कोमट क्षारद्रावणात लटकवतात. त्यांना ऑक्सिजन देतात. हिस्टामिन घातलं की त्या आवळतात, आणि मग संयुग घालून त्या किती सैल पडतात ते नोंदवतात. १९५९ साली अमीन आणि मेहता यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की श्वासनळी सैल करणारं खरं संयुग व्हॅसिसिनोन आहे. पुढच्या प्रयोगांत गुंता वाढला. २००० साली स्वीडनच्या संशोधकांनी अडुळशावरची जुनी-नवी निरीक्षणं एकत्र तपासली. त्यांत नोंद आहे की व्हॅसिसिन काढलेल्या नळीतही आणि जिवंत प्राण्यातही श्वासमार्ग सैल करतं. व्हॅसिसिनोन मात्र काढलेल्या नळीत सैल करतं आणि जिवंत प्राण्यात उलट आवळतं. दोन्ही सारख्या प्रमाणात एकत्र दिली तर दोन्हीकडे चांगला परिणाम दिसतो.

ओसरीत वाळवलेल्या आणि उन्हात टाकलेल्या पानांचा मुद्दा इथे येऊन भिडतो. या दोन पिशव्यांत व्हॅसिसिन आणि व्हॅसिसिनोनचं गुणोत्तर वेगळं असेल, तर ‘अडुळशाचा अर्क’ म्हणून छापलेले दोन निकालही वेगळे निघतील आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतील. म्हणून आता चांगल्या प्रयोगशाळा अर्क तपासण्याआधी एचपीएलसीवर दोन्ही संयुगांचं प्रमाण मोजून नोंदवतात. निव्वळ ‘मिथेनॉल अर्क, २०० मिलिग्रॅम प्रतिकिलो’ असं लिहिणं म्हणजे अर्धीच माहिती देणं.

आता चौथा प्रश्न, आणखी काय होतं. १९७०च्या दशकात जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत (आताची भारतीय एकात्मिक वैद्यक संस्था) व्हॅसिसिनचा गर्भाशयावरचा परिणाम तपासला गेला. व्हॅसिसिन गर्भाशय आकुंचित करतं, ऑक्सिटोसिनसारखं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला ते वापरता येईल का, या दिशेने तिथे बरंच काम झालं. गर्भवतीने अडुळसा घेऊ नये हा इशारा यातूनच पक्का झाला. जिवंत उंदरांवरचे नंतरचे निकाल एकसारखे नाहीत, तरी इशारा पाळावा यात शंका नाही. घरी काढा करताना हे क्वचित कुणाच्या लक्षात असतं. बाटलीबंद आयुर्वेदिक सिरपवरही ही सूचना बारीक अक्षरात असते, असलीच तर. ‘झाडपाल्याला दुष्परिणाम नसतात’ हे वाक्य अडुळशाच्या बाबतीत सरळ चूक आहे. ज्या रेणूत काही घडवायची ताकद आहे, तो फक्त आपल्याला हव्या त्याच अवयवात ती दाखवेल अशी हमी नसते.

व्हॅसिसिनला पुढे दुसरं आयुष्य मिळालं. त्याच्या सांगाड्यावरून प्रेरणा घेऊन जर्मनीत रसायनतज्ज्ञांनी नवे रेणू बनवले. मूळ रेणूचं एक कडं उघडलं, गाभ्यात ब्रोमिनचे दोन अणू बसवले, नत्रावर नवे गट जोडले. त्यातून ब्रोमहेक्सिन आलं आणि १९६३ साली बाजारात उतरलं. ते कफ पातळ करतं. शरीरात गेल्यावर यकृत त्याचं रूपांतर ज्या पदार्थांत करतं त्यांपैकी एक म्हणजे अॅम्ब्रोक्सॉल. तेही पुढे स्वतंत्र औषध झालं. आज नगरच्या कोणत्याही मेडिकलमध्ये कफ सिरप मागितलं तर हातात येणाऱ्या बाटलीवर या दोघांपैकी एकाचं नाव असण्याची शक्यता बरीच. कुंपणावरच्या झुडपाशी त्याचं नातं मात्र दुकानदारालाही सहसा ठाऊक नसतं.

क्षयाचं काय? वैद्यांचा तोही दावा होता. १९९६ साली जॉन ग्रेंज आणि स्नेल यांनी दाखवलं की ब्रोमहेक्सिन आणि अॅम्ब्रोक्सॉल काचेच्या नळीत क्षयाच्या जंतूंची वाढ रोखतात, आणि हा परिणाम माध्यमाच्या पीएचवर अवलंबून असतो. निरीक्षण लक्षवेधी आहे. क्षयाच्या उपचारात त्यामुळे बदल झालेला नाही, आणि डॉट्सच्या गोळ्या सोडून कुणी अडुळशावर विसंबू नये. करोनाच्या काळात दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने उंदरांच्या फुप्फुसांतली सूज आणि ऑक्सिजनच्या कमतरतेवरची पेशींची प्रतिक्रिया अडुळशाच्या अर्काने कमी होते असं दाखवलं. ते २०२१ साली प्रसिद्ध झालं. तेही उंदरांपर्यंतच.

अॅम्ब्रोक्सॉलची वाट तर कफाच्या पार बाहेर गेली. २००९ साली टोरांटोमध्ये मंजूर औषधांचा हजाराहून मोठा संग्रह एका विकरावर तपासण्यात आला. ग्लुकोसेरेब्रोसिडेज हे त्याचं नाव. ते बिघडलं की गोशे हा आनुवंशिक रोग होतो. अॅम्ब्रोक्सॉल त्या बिघडलेल्या विकराला घडी नीट पडायला मदत करतं असं दिसलं. याच विकराच्या जनुकातला दोष पार्किन्सनचा धोकाही वाढवतो. म्हणून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी पार्किन्सनच्या रुग्णांना अॅम्ब्रोक्सॉल दिलं. २०२० साली आलेल्या त्या निबंधात १७ रुग्ण होते. औषध मेंदूभोवतीच्या द्रवात पोचलं आणि तिथल्या विकराचं प्रमाण बदललं. त्यासाठी मात्रा लागली ४२० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तर खोकल्याला ३० मिलिग्रॅम तीनदा पुरतं. १४ पट.

त्या अभ्यासात प्लासिबोचा गट नव्हता, त्यामुळे रोग मंदावला का हे त्यातून सांगता येत नाही. २०२५ साली कॅनडातल्या ओंटारियोच्या लंडन शहरातून प्लासिबोसह केलेल्या चाचणीचा निकाल आला. पार्किन्सनमुळे स्मृतिभ्रंश झालेले ५५ रुग्ण, एक वर्ष उपचार. औषध सुरक्षित ठरलं, पण आकलनशक्तीत दोन गटांमध्ये ठोस फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये ३३० जणांची, दोन वर्षांची मोठी चाचणी हाती घेतलेली आहे. तिचा निकाल काही का लागेना, अडुळशाच्या पानात अॅम्ब्रोक्सॉल नसतं. पानात व्हॅसिसिन असतं, आणि ते मेंदूतल्या त्या विकरावर काय करतं हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी पुन्हा पहिल्यापासून, फांदी दाबून ठेवण्यापासून सुरुवात करावी लागेल.